घडीच्या फोनच्या बाजूने

३ फेब्रुवारी, सोमवार
घडीचा फोन घेतला. किंमत इथे लिहीत नाही. या वहीच्या कपाटाला कुलूप नाही, आणि आक्काला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नसलं तरी आकडे दिसतात.

मिटला की तळहाताएवढा, उघडला की पुस्तकाएवढा. अख्ख्या जगाने इतकी वर्षं खिशात नुसत्या पाट्या घालून फिरवल्या. शेवटी कोणाला तरी सुचलं की वस्तूला घडी घालता येते. आम्ही बाइंडर हे पहिल्यापासून सांगत होतो. निदान मी सांगत होतो.

शेजारचा किल्लीवाला आला. फोन चार वेळा उघडला, मिटला, आणि म्हणाला की बिजागरी आली म्हणजे कुरकुर आलीच, दारांचंही तेच असतं. जुना फोन खिशात मावत नव्हता का, असंही विचारून गेला. पोटात दुखतंय, दुसरं काय.

५ फेब्रुवारी, बुधवार
लायब्ररीचं पत्र. एकोणीस तारखेला समिती बसणार. मासिकांचे आणि वर्तमानपत्रांचे खंड आमच्याकडून बांधून घेणं चालू ठेवायचं, की सगळं स्कॅन करून बाइंडिंग बंद करायचं, ते ठरणार. आम्हाला बाजू मांडायला दहा मिनिटं.

दुकानाचं पाऊण काम लायब्ररीचं. बाकी पाव म्हणजे हिशेबाच्या वह्या आणि कॉलेजचे प्रबंध.

आक्काने पत्र दोनदा वाचलं आणि शांतपणे सांगितलं की हे काम गेलं तर ती मुलाकडे राहायला जाईल. बाविसावा मजला. सून चांगली आहे, घरात सगळं जागच्या जागी असतं, आक्काने कशालाच हात लावायची गरज पडत नाही. वयाच्या अठराव्या वर्षापासून पुस्तकांचे फर्मे शिवत आलेल्या बाईने तिथे दिवसभर हात कुठे ठेवायचे, हे तिने सांगितलं नाही.

मी म्हटलं, काळजी सोड, माझ्याकडे मुद्दा आहे. आणि फोन टेबलावर ठेवला. ती सुईत दोरा ओवायला लागली.

६ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी ११
मुद्दा असा. स्कॅनवाले म्हणणार, पुस्तकाचा जमाना संपला, आता सगळं स्क्रीनवर. मी काही बोलणार नाही. खिशातून फोन काढणार. सावकाश उघडणार. आणि विचारणार, की मग तुमच्या स्क्रीनला दोन पानं आणि मध्ये कणा का लागला? माणसाला शेवटी उघडायला काहीतरी हवं असतं.

बोलती बंद. लायब्ररी आमची.

संकल्प: रोज दहा मिनिटं एका हाताने फोन उघडायचा सराव.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सराव. फोन खळीच्या भांड्यात पडला. दोष भांड्याचा, ते नेहमी तिथेच असतं. पुसून घेतला. चालू आहे. फक्त उघडताना थोडा चिकटतो, आणि वास येतो.

आक्का म्हणाली की खळ वाया गेली.

९ फेब्रुवारी, रविवार
भाच्याचा, म्हणजे आक्काच्या मुलाचा, व्हिडिओ कॉल. मुद्दाम मोठा स्क्रीन उघडून, आडवा करून आक्कासमोर धरला. नाक वरच्या पानावर, हनुवटी खालच्या पानावर, मधून घडीची रेघ. तो हसला की तोंड वाकडं व्हायचं. आक्काने मला बाजूला घेऊन विचारलं की पोराला दातांचं काही झालंय का.

भाचा म्हणाला, मामा, हे फोन अजून कच्चे आहेत, जाड आहेत, नाजूक आहेत, दोन-चार वर्षं थांबायचं होतं. मी म्हटलं, सगळे थांबले असते तर चाक कोणी लावलं असतं? तो म्हणाला, चाकाला घडी नसते. आईसारखाच. बोलायला लागला की सरळ वर्मावर.

कॉल संपताना त्याने आक्काला सांगितलं की खोली तयार आहे. ती हो म्हणाली. मी फोन मिटला. मिटून संपवण्यात जो ठसका आहे तो पाटीवाल्या फोनमध्ये नाही. हा फायदा भाषणात घ्यायचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार
फायद्यांची यादी करायला बसलो.
एक, खिशात मावतो. (जुनाही मावायचा. पण हा वेगळ्या तऱ्हेने मावतो.)
दोन, मोठं दिसतं.
तीन, टेबलावर अर्धा उघडा उभा राहतो.
चार, नंतर लिहीन.

आक्का फर्मा शिवता शिवता म्हणाली की मी नवं काही आणलं की तिला धडकी भरते. उदाहरणं पण दिली. शिलाईऐवजी नुसता गोंद लावून खंड बांधायचे, ही माझी नऊ वर्षांपूर्वीची कल्पना. काम तिप्पट वेगाने झालं होतं. पुढे काही खंडांची पानं सुटली, हे खरं, पण लोक पुस्तकं उघडतातच जोरात.

तिला म्हटलं, प्रत्येक मोठ्या कल्पनेला सुरुवातीला लोक नाक मुरडतात. तिने मान डोलावली. होकारार्थी नव्हती.

१५ फेब्रुवारी, शनिवार
रेघ.

ती रेघ डोळ्यांत सलते. फोन उघडला की बरोबर मध्यभागी एक उतार. बोट फिरवलं की गचका. सगळे म्हणतात सवय होते. मला का व्हावी? चाळीस वर्षं मी लोकांच्या कागदांवरच्या घड्या सपाट केल्या आहेत. जमिनीचे नकाशे, जुनी प्रमाणपत्रं, आठ घड्यांची पत्रं. माझ्या हाताखालून रेघ घेऊन एकही कागद बाहेर गेलेला नाही.

समितीसमोर रेघवाला फोन उघडणं म्हणजे बाइंडरने सुरकुतलेला पुठ्ठा दाखवणं. किल्लीवाला म्हणतो, ती रेघ कंपनीलाही जात नाही. कंपनीकडे दाब द्यायचा शिकंजा नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
दुपारी आक्का जेवायला वर गेली तेव्हा काम उरकलं. पद्धत नकाशाचीच. फोन पूर्ण उघडला. खाली टिपकागद, वर टिपकागद, वरचा किंचित ओलसर, कारण कोरडी घडी सुटत नाही. दोन्हीकडे गुळगुळीत फळ्या. मग शिकंज्यात सरकवला आणि वरचा स्क्रू फिरवला. नकाशाला मी तीन फेरे देतो. हा नाजूक आहे म्हणून अडीच.

दुसऱ्या फेऱ्याला एक बारीक आवाज आला. फळी बसल्याचा असावा.

तासाभराने काढला. रेघ गेली. अक्षरशः गेली. इतका सपाट घडीचा फोन जगात दुसऱ्या कोणाकडे नसेल. आता मिटायला थोडा जड जातो, म्हणजे मिटत नाही. पण परवा मला तो उघडायचाच आहे, मिटायचा कुठे आहे?

१८ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी रेघेच्या जागी एक काळा ठिपका. मोहरीएवढा. दुपारी वाटाण्याएवढा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, काय झालं होतं? मी म्हटलं, काही नाही, वापरला. त्याने भिंग लावून पाहिलं आणि विचारलं की यावरून गाडी गेली का. मग बिजागरीतून पिनेने काहीतरी काढून वास घेतला. खळ होती.

त्याच्या मते आतला स्क्रीन गेला. अजून गेलेला नाही. डावी बाजू व्यवस्थित हिरवी दिसते आहे.

जोर लावून मिटवला. मिटतो. सगळे उगाच घाबरवतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळी ५
समिती. लायब्ररीच्या वाचनकक्षात लांब टेबल. ग्रंथपालबाई, समितीचे तिघे, आणि स्कॅनिंग कंपनीचा एक टाय लावलेला माणूस. आक्का माझ्या शेजारी, मांडीवर पिशवी.

भाषण उत्तम झालं. पाटी, घडी, कणा, सगळे मुद्दे क्रमाने आले. मग फोन काढला. एका हाताने उघडायचा होता, तो दोन हात आणि गुडघा लावून उघडला. डावं पान हिरवं. उजवं पान काळं. आणि ते काळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डावीकडे सरकत होतं.

ग्रंथपालबाईंनी विचारलं, किती दिवसांचा आहे? मी म्हटलं, सोळा. टायवाल्याने समितीला उद्देशून सांगितलं की घडी घातलेली वस्तू घडीतच मोडते, आणि पुस्तकांचंही तेच होतं, म्हणून तर स्कॅन करायचं. माझाच मुद्दा माझ्यावर उलटवला. मी म्हटलं, ही घडी फोनवाल्यांची आहे, माझी नाही, घडीत चूक नाही, घालणाऱ्यात आहे. कोणी लिहून घेतलं नाही.

मग बाईंनी आक्काला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? मला वाटलं ती नाही म्हणेल. ती उठली. मागच्या कपाटाशी गेली. तिचा हात आधी एका खंडावर थांबला. तो माझ्या गोंदाचा होता, नऊ वर्षांपूर्वीचा, पानं सुटून सुतळीने बांधलेला. तो काढून दाखवला असता तर शिलाईची किंमत एका क्षणात सगळ्यांना कळली असती. तिने हात पुढे सरकवला. शेजारचा जाड खंड काढला, टेबलावर ठेवला, मधोमध उघडला आणि हात मागे घेतला. खंड तसाच उघडा राहिला. एकही पान उठलं नाही. बाईंनी विचारलं, हा कधीचा? आक्का म्हणाली, मुलगा पोटात होता तेव्हा शिवला होता.

एवढंच बोलली. दहा मिनिटांतली नऊ मी घेतली होती.

घरी येताना तिला म्हणायचं होतं की तो गोंदाचा खंड मी पाहिला. म्हटलं नाही. लाज वाटली. इथे लिहितो, म्हणजे कुठेतरी म्हटलं असं होईल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
नीट विचार केल्यावर वाटतं, भाषणाचाच परिणाम झाला असणार. खंड दाखवला आक्काने, पण उघडणं म्हणजे काय, हे लोकांच्या मनात आधी मी रुजवलं. आणि घडीचा फोन ही मोठी गोष्ट आहेच. माझ्याकडचा एक बिघडला म्हणून कल्पना बिघडत नाही. हे किल्लीवाल्याला ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे, फक्त तुमच्या हातात देऊ नये.

फोन सध्या मिटलेला वापरतो. बाहेरचा छोटा स्क्रीन चालतो. म्हणजे पाटीच झाली, पण जाड.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
निकाल. बाहेरून बाइंडिंग करून घेणं बंद. यापुढचं सगळं स्कॅन. पण जुने खंड टिकवण्यासाठी लायब्ररीत दुरुस्तीची खोली सुरू होणार, आणि तिथे आक्काला नेमलं आहे. पगारी. सोमवारपासून.

आक्काने लगेच मुलाला फोन करून सांगितलं की खोली कोणाला तरी द्या. तिला इतक्या मोठ्याने बोलताना मी वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं.

म्हणजे जिंकलो. आक्का राहणार.

दुकानाचं काय, ते पत्रात नाही.

३ मार्च, सोमवार
आक्का सव्वानऊला गेली. दुकान मी एकटा चालवणार, ठरलं. माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं. हिशेबाच्या वह्या आहेत, प्रबंध आहेत. काम कमी म्हणजे दर्जा जास्त.

एक प्रबंध शिवायला घेतला. टाके सरळ येतात. दोऱ्याचा ताण कमी-जास्त होतो, एवढंच.

५ मार्च, बुधवार
प्रबंध उसवला, परत शिवला. परत उसवला. प्रबंधवाली पोरगी न्यायला आली, तिला उद्या ये म्हटलं. किल्लीवाला डोकावला, आक्का नाही का, विचारून लगेच गेला. पूर्वी अर्धा तास बसायचा. माझ्याशी गप्पा मारायला येतो असं मी धरून चाललो होतो.

तिची जागा खिडकीशी आहे. उजेड तिथे चांगला असतो. मी तिथे बसलो नाही.

मला करमत नाही. हे लिहायला हरकत नाही, ही माझी वही आहे.

६ मार्च, गुरुवार, रात्री जेवल्यावर
आक्काने भाजी वाढता वाढता सांगितलं की तिथे नवा शिकंजा आणलाय, पण दाब देणारं माणूस नाही, आणि तिच्या मनगटात आता तेवढा जोर नाही. तिने बाईंना सांगितलं की एक माणूस आहे. बाई म्हणाल्या की चालेल, पण पद मदतनीसाचं, आक्काच्या हाताखाली, आणि पहिला महिना कपाटातली धूळ झाडायची, खंडांना हात लावायचा नाही.

निकालाचं पत्र आल्या दिवसापासून मला वाटत होतं की ते मलाही बोलावतील. तेव्हा काय उत्तर द्यायचं, ते मी आठवडाभर तयार ठेवलं होतं. चार दिवस मागून घ्यायचे. पद सल्लागाराचं मागायचं. दुकान मोठं आहे, वेळ काढणं कठीण आहे, असं सुनवायचं. आक्काचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी विचारलं, उद्यापासून का?