शनिवारचा पोहण्याचा वर्ग कुणाच्या हवाली

मी, व्हर्लीन ऑस्ट्रँडर, वय ६३, राहणार मिल बेंड, आयोवा, येथील विद्यापीठाच्या पोहण्याच्या संघाची एकतीस वर्षे प्रशिक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. वकीलबाईंनी "स्थिर चित्ताने" असे लिहायला सांगितले होते. ते मी लिहिलेले नाही. मी शुद्धीत आहे, माझ्यावर कुणाचे दडपण नाही, पण मी घाबरलेली आहे. परवा गुरुवारी माझी छाती उघडणार आहेत.

हृदयापासून निघणारी मोठी धमनी फुग्यासारखी फुगली आहे. सर्जन म्हणाले, "शंभरातले पाच जण टेबलावरून परत येत नाहीत." पंचाण्णव येतात हे मलाही कळते. तरी अंघोळ करताना, बुटाचे बंद बांधताना, मला ते पाचच दिसतात. थांबायलाही वेळ नाही. तीस जूनला माझी नोकरी संपते आणि नोकरीबरोबर आरोग्य विमाही संपतो.

कलम पहिले. लिंडन रस्त्यावरील घर आणि बँकेतली शिल्लक माझी बहीण कॉरिन हिला मिळावी. आईचा पियानो तिने मला न विचारता विकला, म्हणून आम्ही अकरा वर्षे बोलत नव्हतो. मला इस्पितळात ठेवल्याचे कळल्यावर ती चार तास गाडी चालवून आली आणि माझे पाऊल हातात धरून बसली.

"पियानोचं काढायचं नाही," ती म्हणाली.

"नाही काढत."

"तुझे पाय बर्फासारखे गार पडलेत, व्हर्ली."

पियानोबाबत तिने चूकच केली होती. ते मी इथे एकदा लिहून ठेवते. घर तरीही तिचेच.

कलम दुसरे, रॉडनी पेल याच्याविषयी. हा विद्यापीठाचा क्रीडासंचालक. अठराव्या वर्षी माझ्या संघात आला तेव्हा त्याला सूर मारायची भीती वाटे. सबंध एक हिवाळा मी त्याच्याबरोबर काठावर उभी राहिले. अकरा फेब्रुवारीला त्याने मला केबिनमध्ये बोलावून सांगितले, की मुलांचा आणि मुलींचा, दोन्ही संघ बंद. सात मिनिटे लागली.

"मनाला लावून घेऊ नका, कोच. आकडे बसत नाहीत."

"आणि शनिवारची पोरं, रॉडनी?"

"ते वर्ग आमच्या अंदाजपत्रकात कधी नव्हतेच."

खरे आहे. माझे पोहणारे विद्यार्थी दर शनिवारी गावातल्या मुलांना फुकट शिकवत. फुकट होते म्हणून ते कुठल्याच कागदावर नव्हते. संघ गेला तसे शिकवणारेही गेले. काही जण दुसऱ्या विद्यापीठात गेले, काहींनी पोहणेच सोडले. मे महिन्यात तलावाला कुलूप लागले. जूनमध्ये ऊन तापले आणि मुले नदीवर जाऊ लागली.

आमच्या नदीवर एक बुटका बंधारा आहे. वरून पाहिले तर पाणी घोट्याएवढे वाटते. खाली मात्र ते गोल फिरते, माणसाला परत बंधाऱ्याच्या भिंतीकडे ओढते आणि सोडत नाही.

सात जूनला दुपारी मी आणि संघाची कप्तान ओरिएल ब्रँडव्होल्ड, तलावावरच्या, धरून पोहायला शिकायच्या पाट्या माझ्या गाडीतून घरी नेत होतो. ओरिएल नर्सिंग शिकते, म्हणून इथेच राहिली आहे. पुलावर पोरे ओरडत होती. बंधाऱ्याखाली एक लाल टोपी वर येत होती, खाली जात होती. नऊ वर्षांची जूनी क्रॅब. गेल्या हिवाळ्यात ती माझ्याकडे फक्त तरंगायला शिकली होती.

मी बूट न काढताच उडी मारली. असल्या पाण्यात वर येण्याची धडपड करायची नसते. तळाशी जायचे आणि प्रवाहाबरोबर पुढे सरकायचे. हे मी शेकडो जणांना शिकवले होते, स्वतः कधी केले नव्हते. तिला छातीशी धरून मी खाली गेले. वर अंधार होता, खालीही अंधार होता. तिचे पाय माझ्या पोटावर आपटत होते आणि मग आपटायचे थांबले. तो थांबलेला क्षण अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

प्रवाहाने आम्हाला पुढे नेऊन वर सोडले तेव्हा ओरिएलने काठावर आडवे पडून गाडीतली दोरी फेकली. जूनी काठावर ओकली, रडली, जगली. माझ्या छातीत कळ येत होती म्हणून मला इस्पितळात नेले, आणि तिथे धमनीचे निघाले.

रॉडनी फुले घेऊन आला. "कोच, असं काही होईल हे मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक होतं. तू त्याच बंधाऱ्याजवळ वाढलास."

फुले कॉरिनने बाहेर ठेवली.

शनिवारच्या वर्गाच्या एकतीस वर्षांच्या हजेरीवह्या रॉडनीला द्याव्यात. त्याने त्या पहिल्या पानापासून वाचाव्यात. त्यात त्याच्या दोन्ही मुलींची नावे आहेत. माझे त्याच्याशी वैर नाही, पण मी त्याला माफही केलेले नाही. तेवढा वेळ मिळाला तर बघू.

कलम तिसरे. पिकअप गाडी, पाट्या, तलावात रांगा आखायच्या तरंगत्या दोऱ्या, घड्याळे आणि माझी पोहण्याची पुस्तके ओरिएल ब्रँडव्होल्ड हिला. शनिवारचा वर्ग मी तिच्या हवाली करते. हायवेवरच्या मोटेलचे मालक हरिवदन भक्त यांनी त्यांचा छोटा तलाव सकाळी दहा ते बारा द्यायचे कबूल केले आहे. मी भाड्याचे विचारले तर म्हणाले, "बाई, माझ्या नातवाला तेवढं आधी शिकवा. फार मस्तीखोर आहे." ओरिएल, एका वेळी सहाच मुले पाण्यात घे. गर्दी झाली तर आईबापांचे ऐकू नकोस.

कलम चौथे, जूनीविषयी. काल ती आईबरोबर मला भेटायला आली होती. त्या दिवसापासून ती टबात बसत नाही, आई तिला ओल्या फडक्याने पुसते. माझ्या पलंगाच्या कडेला टेकून तिने विचारले, "कोच, तुम्हाला भीती नाही वाटली?"

आयुष्यभर मी मुलांना म्हणत आले, "भ्यायचं काय त्यात!" काल मला ते म्हणवले नाही.

"वाटली. अजून वाटतेय. गुरुवारची तर फारच वाटतेय."

"मग तुम्ही नाही जाणार?"

"जाणार आहे."

"मग शनिवारी मी मोटेलवर येईन. पण नुसते पाय बुडवीन."

म्हणून माझी शेवटची सूचना अशी, आणि ती बाकी सर्व कलमांच्या वर समजावी. गुरुवारी माझे काहीही होवो, येत्या शनिवारचा वर्ग रद्द करू नये. ओरिएलने जूनीशेजारी काठावर बसावे. तिला चल म्हणू नये, शाबास म्हणू नये, घाई करू नये. पाय फक्त घोट्यापर्यंत.

ठिकाण : मिल बेंड, आयोवा
मंगळवार, २४ जून २०२५

सही : व्हर्लीन ऑस्ट्रँडर

व्हर्लीनबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर खाली सह्या केल्या :
१. डोरोथिया लिंड, शेजारीण, निवृत्त ग्रंथपाल
२. हरिवदन भक्त, मोटेलमालक