त्रेचाळिशीचे मानकरी

३ फेब्रुवारी
आज त्रेचाळीस पूर्ण. आणि आजच मोठा शोध लागला. पेपरात माझं काम मृत्युलेखांचं. थोर माणसं हिंडतीफिरती असतानाच त्यांच्यावर लिहून ठेवायचं, गेली की तारीख घालून पानात सोडायचं. आज जुने लेख चाळत होतो. एक चित्रकार, एक गणिती, एक गायिका, एक पैलवान. चौघंही गेली तेव्हा वय त्रेचाळीस! याला योगायोग म्हणणारे म्हणोत बापडे. माझ्या हातात एक वर्ष आहे. कादंबरी याच वर्षात. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

४ फेब्रुवारी
साडेआठला जाग आली.

११ फेब्रुवारी
बायकोला बढती. मुख्याध्यापिका, पण परगावी. म्हणाली, मुलीला घेऊन तिघंही जाऊ, तिथल्या पेपरातही माणसं मरत असतीलच. मी शांतपणे सांगितलं की हे माझं शेवटचं वर्ष आहे. तिने विचारलं, कुठल्या डॉक्टरने सांगितलं? म्हटलं, इतिहासाने. ती कपडे वाळत घालायला निघून गेली. थोरांच्या बायका अशाच असतात.

२ मार्च
आणखी सात जण सापडले. एक पूल बांधणारा इंजिनियर चव्वेचाळीस वर्षं चार दिवस जगला. चार दिवसांचं काय एवढं? घेतला. एक नाटककार एकोणचाळिसाव्या वर्षीच गेला. उतावळा. वगळला.
कादंबरीचं पहिलं वाक्य झालं. जबरदस्त आहे. दुसरं त्या तोडीचं हवं, म्हणून थांबलोय.

१९ एप्रिल
स्वतःचा मृत्युलेख लिहून टाकला. आपल्यामागे दुसऱ्यांनी वाट लावण्यापेक्षा बरं. बाराशे शब्द. कादंबरीच्या नावासाठी जागा सोडलीय. संपादकांनी वाचून विचारलं, हा कोण? समजल्यावर म्हणाले, पन्नास शब्दांत बसव, तेही जाहिरात कमी पडली तर. माणूस जळका आहे.

७ जून
दोघी गेल्या. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मुलीने विचारलं, बाबा, नक्की कधी? बारा वर्षांची आहे, समजूतदार. म्हटलं, तीन फेब्रुवारीच्या आत. तिने मान हलवली, पण माझा हात काही सोडेना. शेवटी आईने सोडवला. मलाही थोडं भरून आलं. असो. आता घरात शांतता. आता बघाच.

३० ऑगस्ट
एवढ्या शांततेत कोण लिहू शकतं? गीझरही बंद पडलाय.

१२ नोव्हेंबर
छातीत कळ! खोटं कशाला बोलू, आनंद झाला. डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं आणि म्हणाले, पित्त आहे, रात्रीची जागरणं बंद करा, हृदय एकदम ठणठणीत. हल्ली चांगले डॉक्टर राहिलेत कुठे?

९ डिसेंबर
मुलगी रोज सकाळी सहाला फोन करते. मी हॅलो म्हटलं की ठेवून देते. हा काय पोरखेळ? झोपेचं खोबरं होतं, मग दिवसभर लिखाण होत नाही. आज चांगलं खडसावलं. पुन्हा करणार नाही म्हणाली.

२० जानेवारी
अजून दोन आठवडे आहेत. पित्तसुद्धा गेलं.

३ फेब्रुवारी, सकाळी सात
चव्वेचाळीस. इंजिनियरचे चार दिवस धरायचे का, यावर विचार केला. लाज वाटली. बॅग भरली आणि बायकोला फोन लावला. म्हटलं, संध्याकाळच्या गाडीने येतोय, कायमचा. ती म्हणाली, येऊ नकोस.
मी रागावल्यापासून पोरगी म्हणे रोज सकाळी आपल्या शेजारच्या काकूंना फोन करायची. बाबांच्या खिडकीत दिवा लागला का, विचारायची. काकू सांगेपर्यंत दूध प्यायची नाही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. काकू जिन्यात भेटायच्या, फक्त हसायच्या.
मी म्हटलं, तिला फोन दे, मी बरा आहे हे माझ्या तोंडून सांगतो. बायको म्हणाली, तारीख उलटल्याचं तिने उठल्या उठल्या कॅलेंडरवर बघितलं आणि पुन्हा जाऊन झोपली. वर्षभरात पहिल्यांदा अशी गाढ झोपलीय. तुझ्यासाठी मी तिला उठवणार नाही.