आधीचा फोटो

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार
संस्थेत पहिला दिवस! ऑफिस फ्रीगंजमध्ये, झेरॉक्सच्या दुकानावर. खुर्ची अर्धी माझी, अर्धी फायलींची. काम – शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांना शिकवून ओपन स्कूलच्या दहावीला बसवायचं. बाबा म्हणाले, "एमएसडब्ल्यू करून हेच? बँकेची परीक्षा दिली असतीस." नाही दिली. झालं!

२१ नोव्हेंबर
माझ्या वर्गात सुनंदा आहे. माधव नगरात चार घरी पोळ्या करते, मुलगी नववीत. समीकरणं अशी पटापट सोडवते की मी बघतच राहिले. एका दवाखान्यात नोकरी ठरल्यासारखीच आहे, फक्त दहावी मागतायत.

२६ नोव्हेंबर
डोकं फिरलंय. विक्रांत सरांना – आमचे संचालक – रिपोर्टसाठी सुनंदाचे दोन फोटो हवेत. एक 'आधी', एक 'नंतर'. नंतरचा, पुस्तक घेऊन हसताना. आणि आधीचा? फाटकी साडी, चुलीपुढे, डोळ्यांत पाणी! "थोड़ा इमोशनल चाहिए, मधुरा. डोनर यही देखते हैं."
अहो, तिच्या घरी गॅस आहे! तर म्हणे, "दो ईंट रख देंगे, चूल्हा बन जाएगा." विटा ऑफिसातच आहेत. माळ्यावर. दर वर्षी लागतात म्हणून!!

२७ नोव्हेंबर
सुनंदाला विचारलं. "नको दीदी. मुलीच्या शाळेतले बघतील. हसणारा काढा हवा तर." सरांना तेच सांगितलं. नाही म्हणजे नाही.

२ डिसेंबर
परीक्षा नऊला. आज सगळ्यांना हॉल तिकिटं वाटली. सुनंदाचं तेवढं सरांच्या कपाटात. "फोटो हो जाए, फिर ले जाए."
भडकलेच मी! सगळ्या स्टाफसमोर बोलले – ही समाजसेवा नाही, तमाशा आहे! लाज कशी वाटत नाही? तिथल्या तिथे राजीनामा लिहिला, टेबलावर आपटला आणि जिना उतरले. देवास गेटपर्यंत तरातरा चालत गेले, रिक्षा करायचंही सुचलं नाही. पण काय बरं वाटलं! सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आठवडाभर गिळलेलं सगळं ओकून टाकलं.

४ डिसेंबर
राग जात नाही. आई म्हणते, सोड ना आता. का सोडू? सुनंदाचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. या डोक्याने तिच्यावरच खेकसायचे.

७ डिसेंबर
आज पुन्हा दोनदा सुनंदाचा फोन. उद्या करते.

८ डिसेंबर
बाबांनी बँकेचा फॉर्म आणून ठेवलाय. फाडला!

१० डिसेंबर
सुनंदाचा फोन. उचलला.
"दीदी, काल गणिताचा पेपर झाला. मस्त गेला."
हॉल तिकीट कसं मिळालं?
"फोटो दिला ना. तुम्ही निघून गेलात, मग माझ्यासाठी भांडणार कोण? बसले चुलीपुढे. साहेब म्हणाले, रडा. मला मेलं रडूच येईना. मग तुम्हाला पाच वेळा फोन लावला होता ते आठवलं. आलं."