आईच्या आवाजाचा इन्स्टॉलर

मंगळवार, ३

महिनाअखेरीस आईचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज नाही.

म्हणून मी प्रोग्रॅम लिहिलाय. बटण दाबलं की आईच्याच आवाजात, आधी तिच्याकडून बोलून भरून घेतलेलं वाक्य. बाबांकडे विंडोज, ताईकडे मॅक, माझ्याकडे लिनक्स. तिन्हीकडे सहज लागला पाहिजे. म्हणजे इन्स्टॉलर हवा, प्रोग्रॅम आपोआप बसवून देणारा डबा. तो कशाने बनवायचा, इथेच घोळ.

गुरुवार, ५

तिन्हींना मिळून एकच साधन घ्यावं, की प्रत्येकाला वेगळं? एकच घेतलं तर मॅकवर ते हात वर करतं. वेगळी घेतली तर तीन संसार सांभाळा.

संध्याकाळी आई स्टूल ओढून शेजारी बसली. "आज बोलू का मी?" म्हटलं, थांब गं, आधी डबा ठरू दे, मग आत काय भरायचं ते भरू. "बरं. शिव्या मात्र पहिल्यांदा भर. तुझ्या बाबांना लागतील." घसा पार बसलाय, तरी हसली.

रविवार, ८

सगळ्यांचं एकच, या नादाला रामराम. विंडोजचा वेगळा केला. बाबांनी 'पुढे, पुढे' दाबत एकट्याने लावला. स्वारी खूश! बटणं अजून मुकीच आहेत. आवाज शेवटी.

बुधवार, ११

लिनक्सचा झाला. मॅक अडून बसलंय. ताईने उघडायला घेतलं की इशारा येतो – कर्ता अनोळखी, सावधान. ती घाबरून बंद करते. त्यावर मॅकच्या कंपनीकडून डिजिटल सही घ्यायला हवी, ती मिळायला वेळ.

आईला सांगितलं तर म्हणाली, "मी अनोळखी? तिला म्हणावं, नऊ महिने कुणाच्या पोटात होतीस?" एवढं बोलून खोकत बसली. पाणी दिलं. मग हळूच, "उद्या बोलू?"

म्हटलं, उद्या.

शुक्रवार, १३

सहीची वाट. दुसरं काही सुचत नाही.

सोमवार, १६

दुपारी ऑफिसात बाबांचा फोन. कुणाचं तरी ऑपरेशन रद्द झालं, आईला आजच घेतायत, ये. धावत गेलो. तिला आत नेलं होतं. बाबा बाकावर, तिचा चष्मा हातात धरून. "तुझी वाट बघत होती रे. म्हणाली, आता तरी मला बोलून घेऊ दे म्हणावं."

एक शब्द भरलेला नाही. एकसुद्धा नाही. जुन्या फोनमध्येही काही सापडलं नाही – ती बोलून निरोप ठेवायची नाही, थेट फोनच करायची. साधा मोबाइल तिच्या तोंडासमोर धरायला कुठलं साधन निवडायचं होतं? अक्कल गहाण ठेवली होती मी.

गुरुवार, १९

आई शुद्धीवर आहे. गळ्यात नळी. मला बघून ओठ हलवले. मी "हो, हो" म्हणालो. कळलं काहीच नाही. जिन्यात जाऊन रडलो.

शनिवार, २१

सही आली. मॅकचा डबा बांधला. कशासाठी, देव जाणे. ताई रोज विचारते, झालं का रे? तिला खरं सांगायला तोंड उघडत नाही. पाठवून दिला.

रविवार, २२

ताईचा फोन. "लागला रे माझ्याकडे! इशारा नाही, काही नाही. मुलांनाही बसवलंय ऐकायला. आता सांग, कुठलं बटण दाबू म्हणजे आई बोलेल?"