दोन रक्तगटांची बाई

मंगळवार, १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. माझं अक्षर बघून तू पाकीट तसंच बाजूला ठेवशील अशी धास्ती होती, म्हणून वरचा पत्ता जाड्याकडून लिहून घेतलाय. जाड्या म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा. नाव जाड्या असलं तरी आहे काडीपैलवान. तुझा पत्ता मामाने दिला. हे मुद्दाम सांगतेय. का, ते पुढे कळेल.

इकडे सगळं ठीक. बाबांना कमी ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं ते पटत नाही. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जातात आणि गावाला वळसा घालून आल्यासारखं सांगतात. गच्चीवरची गळकी टाकी एकदाची बदलली.

माझी नोकरी तीच, हॉस्पिटलातली. तू घर सोडलंस तेव्हा मी नुकतीच लागले होते. ‘दिवसभर कॉम्प्युटरवर करतेस काय?’ असं तू विचारलं होतंस आणि मला धड सांगता आलं नव्हतं. आता सांगते. प्रत्येक पेशंटची एका टेबलात एक ओळ असते: नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि त्याला दिलेला नंबर. औषधं दुसऱ्या टेबलात, रक्तगट तिसऱ्यात, तपासण्या आणखी कुठे. तिथे नाव परत लिहीत नाहीत, फक्त तो नंबर. त्या नंबराने सगळी टेबलं एकमेकांना बांधलेली. माणसाने नाव बदललं, घर बदललं, तरी नंबर तोच राहतो. या बांधणीला आम्ही नातंच म्हणतो. नंबर चुकला की नातं भलत्याशीच जुळतं.

यंदा आमच्या आणि पलीकडच्या शहरातल्या शाखेच्या नोंदी एकत्र करायचं ठरलं. एकच माणूस दोन्हीकडे गेला असेल तर त्याच्या दोन ओळींची एक करायची. मोठ्या साहेबांनी नियम काढला: नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच. मी म्हटलं, “साहेब, ज्यांना खरी तारीख माहीत नाही त्या सगळ्यांची आपण पहिली जानेवारी टाकतो. निम्मं शहर त्या दिवशी जन्मलंय.”

ते हसले. “शंभरात एखादा चुकेल. तेवढं चालतं.”

ताई, मला ते चालत नाही. तुझा जन्म ऐन उन्हाळ्यातला, आणि शाळेत नाव घालताना बाबांनी पहिली जानेवारी ठोकून दिली, हे मी विसरलेले नाही. तो शंभरातला एखादा कुणाच्या तरी घरचा असतो.

मी वाद घातला नाही. सगळ्या नोंदींची एक प्रत काढली आणि साहेबांचा नियम त्या प्रतीवर चालवून पाहिला. मग एकच प्रश्न विचारला: आता दोन रक्तगट असलेली माणसं किती? पडद्यावर नावं यायला लागली ती थांबेनात. जाड्या मागे उभा होता. म्हणाला, “हे तर खून आहेत, फक्त अजून झाले नाहीत.”

तेव्हा मी खऱ्या नोंदींवरच अट बसवली की एका माणसाला एकच रक्तगट. अशी अट एकदा बसली की ती कुणाचं ऐकत नाही. एका ओळीनेही ती मोडली तरी सगळं काम होतं तसं मागे फिरतं, अर्धवट काही उरत नाही. साहेबांनी हौसेने काम सुरू केलं आणि ते मागे फिरलं. परत सुरू केलं, परत तेच. मला बोलावणं आलं.

“अट काढून टाक. पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे, पाहुण्यांना बोलावून झालंय.”

“काढते,” मी म्हटलं, “पण तुमच्या सहीने लेखी द्या.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे. म्हणूनच सही मागतेय.”

सही मिळाली नाही. मला त्या कामातून काढलं, आणि माझं टेबल जनरेटरच्या भिंतीला लावलं. तिथे बसलं की दातसुद्धा थरथरतात. पण अट तशीच होती, कारण ती काढायची कशी ते दुसऱ्या कुणाला धड माहीत नव्हतं, आणि मी शिकवायला तयार नव्हते. मी त्या दोन-दोन रक्तगटांच्या यादीचे कागद काढले आणि सरळ रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि त्याच पावली साहेबांच्या मीटिंगमध्ये शिरल्या. एवढंच म्हणाल्या, “हे असं चालू केलंत तर माझ्याकडून रक्ताची एक पिशवी बाहेर जाणार नाही.”

उद्घाटन पुढे गेलं. आता प्रत्येक संशयाची जोडी माणसं बसून तपासतात आणि मग ठरवतात. मला परत त्या कामावर घेतलं. टेबल मात्र जनरेटरपाशीच आहे.

आता जे लिहायला बसले ते. मघापासून मी ते टाळतेय.

तपासायच्या जोड्या आल्या, त्यात एका जोडीत तुझं नाव होतं. लग्नाआधीचं. बाबांचं नाव, पहिली जानेवारी. एक बाई आमच्याकडची, एक पलीकडच्या शाखेतली. ते शहर तुझं. म्हणजे ती तूच असणार.

पुढचं टेबल उघडायला मला क्षणही लागला नसता. कुठला वॉर्ड, काय औषध, कधीपासून, सगळं बोटाखाली होतं. मी उघडलं नाही. तुझा पत्ताही तिथून नाही, मामाकडून घेतला. तुझी शपथ. घर सोडताना तू काय सांगायचं आणि काय नाही ते तू ठरवलंस, ते मी पाठीमागून चोरून वाचणार नाही. ती जोडी मी जाड्याकडे सरकवली. म्हटलं, “यात माझं माणूस आहे, तू बघ.” त्याने बघितलं, दोन वेगळ्या बायका अशी नोंद केली. थोड्या वेळाने न मागता चहा आणून माझ्यासमोर ठेवला. तो कधी कुणाला चहा आणत नाही, ताई. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

तुझ्या नोंदीत परक्या बाईचं काही मिसळलेलं नाही, एवढी खात्री मी देऊ शकते. बाकी मला काहीच माहीत नाही आणि मी शोधणारही नाही. तू सांगितलंस तर ऐकेन. नाही सांगितलंस तर पुन्हा लिहीन.

तुझी,
धाकटी

*

सोमवार, २७ मार्च

ताई,

तुझं पत्र परवा पोचलं. ‘किडनी. डायलिसिस चालू आहे. यायचं तर ये, रडायचं नाही,’ एवढंच. उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. तुझ्या अटी मान्य. रडायचं ते इथेच उरकून घेतलं.

गुरुवारी सकाळच्या गाडीने निघते. रजा मागायला गेले तर साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, बहीण. त्यांनी मान खाली घालून सही केली. ही सही मात्र लगेच मिळाली.

बाबांना मी सांगितलं नव्हतं. पण पत्र घरी आलं आणि त्यांनी अक्षर ओळखलं. बराच वेळ टीव्हीकडे बघत होते, टीव्ही बंदच होता. मग म्हणाले, “मी तिला बोललो होतो ते तिच्या अजून लक्षात असेल.”

मी म्हटलं, “असेलच.”

“मग मी आलेलं तिला चालेल का?”

“ते मी कसं सांगू? तिला विचारावं लागेल.”

त्यावर आपले बाबा काय म्हणाले असतील? म्हणाले, “विचार. ‘नाही’ म्हणाली तर जोर करू नकोस.” आणि आत जाऊन जुनी बॅग झटकायला लागले. तिची चेन कधीचीच तुटलीये, ते त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

तर विचारतेय. हे स्पीडपोस्टने टाकतेय, उत्तर मामाला फोनवर सांग. तू ‘नाही’ म्हणालीस तर ते इथेच थांबतील आणि मी त्यांची बाजू घेणार नाही. ‘हो’ म्हणालीस तर त्यांच्याशी जोरात बोलावं लागेल, आणि तुझ्यात तेवढं बळ नसेल तर मी बोलेन.

किडनीचं मी तुझ्या डॉक्टरांशी समोरासमोर बोलणार आहे, तू शेजारी असताना. माझी जुळते का तेही बघायला सांगणार आहे. तू ‘नको’ म्हणशील हे माहीत आहे. या एका बाबतीत तुझं ‘नको’ ऐकून घेईन आणि दुसऱ्या दिवशी परत विचारेन.

गुरुवारी दुपारपर्यंत तुझ्या दारात असेन. उठून यायची गरज नाही, दार नुसतं लोटून ठेव.

तुझीच, आणि आता हटणार नाही अशी,
धाकटी