चिठ्ठीवरचं नाव

५ जानेवारी २०२५, रविवार

कादंबरीकार विश्राम! दोन तास त्यांच्याशी बोलले आणि हाताला एक धड वाक्य लागलं नाही. पुण्याहून इथे कन्नड मुलखात येऊन तीन वर्षं झाली, दोन कादंबऱ्या झाल्या, आणि काहीही विचारा, उत्तर एकच — "प्रवास महत्त्वाचा." कधी लिहिता? प्रवास. का लिहिता? प्रवास. हूटगळ्ळीहून मराठी समाजाच्या हॉलपर्यंत दोन बस बदलून मीही प्रवासच केला होता! शेवटी विचारलं, लिहिताना अडलं की काय करता? म्हणाले, "मी अडत नाही." टाळ्या!!

सहा वर्षं हे करते आहे. एक लेखक बोलावायचा, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, मग माझ्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात बसून सगळं टाइप करायचं आणि समाजाच्या पत्रिकेला द्यायचं. खाली छापून येतं — 'संपादक मंडळ'. मंडळात मी एकटी.

निघताना चिटणीस महादेवरावांनी गाठलं. "फत्तेसिंगरावांची जन्मशताब्दी आहे नव्हे? त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढतोय, तेवीस फेब्रुवारीला. टायपिंग तुझंच. आणि त्या दिवशी त्यांच्या पत्नीची, गोदावरीबाईंची मुलाखत घे. लेखक घरी कसे होते, काय खायला आवडायचं, असलं विचार. सुम्ने, उगाच दुसरं काही काढू नको."

दुसरं काय काढणार होते मी? पण 'काढू नको' म्हटलं की मला काढावंसं वाटतं. स्वभाव!

९ जानेवारी, गुरुवार

'पागेतल्या गोष्टी' टाइप करायला घेतलं. १९७९ ची प्रत, समाजाच्या कपाटातली. पानं बिस्किटासारखी मोडतात. पहिल्या पानावर लेखकाची सही — 'सप्रेम भेट, फत्तेसिंगराव'. 'फ'ची शेपटी पार पुढच्या अक्षराखालून काढलेली, मिशीला पीळ दिल्यासारखी.

लहानपणी हे पुस्तक घरोघरी होतं. आपले पूर्वज इथल्या महाराजांच्या घोडदळात होते, त्यांच्या गोष्टी. मला आठवत होते ते घोडेच घोडे. आज टाइप करताना बघते तर घोडे कमी आणि चूल जास्त! पान ४१ : घोड्यांसाठी हुलगे शिजायचे, म्हणजे आपली हुरळी, आणि त्याचं वरचं पाणी शिपायांच्या बायका घरी आणून सारू, म्हणजे पातळ सार, करायच्या. दाणा फुटला की लगेच पाणी काढायचं, दोन उकळ्या जास्त झाल्या की ते चिकट होतं आणि मग घरचे ताटाला हात लावत नाहीत.

दोन उकळ्या! फत्तेसिंगराव आमच्याकडे जेवायला यायचे ते आठवतं. पाण्याचा तांब्या हाताशी असला तरी "पाणी" म्हणून हाक मारणारा माणूस. त्याला दोन उकळ्या कुणी सांगितल्या?

१२ जानेवारी, रविवार

येलवालला गोदावरीबाईंच्या घरी जाऊन आले. तयारी म्हणून, असं शरतला सांगितलं. शरत म्हणजे त्यांचा मुलगा, मोठ्या कंपनीत आहे, बोलतो फार अदबीनं आणि मुद्द्याचं कधीच नाही. तो बाहेर गेला ते बरं झालं.

गोदावरीबाई चौऱ्याऐंशीच्या. अंगणात खुर्ची टाकून अवरेकाई, पावट्याच्या शेंगा, सोलत बसलेल्या. मीही सोलायला बसले. नेहमीचा पहिला प्रश्न विचारला — आजोबा कुठे बसून लिहायचे?

"न्हाणीच्या पायरीवर."

"न्हाणीच्या?"

"बंब पेटवला की पाणी तापेतो अर्धा तास मिळतो. तेवढ्यात कोण हाक मारत नाही."

"आजी, तुमच्याकडे बंब कोण पेटवायचं?"

"मीच की. आणि कोण?"

हातातली शेंग तशीच राहिली माझ्या. बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मग हसायला लागल्या. "अय्यो! सेहेचाळीस वर्षं लागली गे तुम्हा लोकांना विचारायला!"

मग सगळं सांगितलं. शरत शाळेत आणि 'हे' कचेरीत जायच्या आधी, पाणी तापेतो, पाच वह्या लिहिल्या. 'ह्यां'ना वाचून दाखवल्या, त्यांनी "बरं आहे" म्हटलं. मग एकटीच छापखान्यात गेल्या. पंचांगं छापणारा छापखाना, म्हणून देवनागरी खिळे होते. खिळे जुळवणाऱ्याला मराठी येत नव्हती, तो नुसती अक्षरं बघून लावायचा. त्यानं बिलासाठी विचारलं, "यजमानर हेसरु एनम्मा?" यजमानांचं नाव! आमच्याकडे नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाही, अजून जुन्या बायका घेत नाहीत. त्यांनी बसच्या तिकिटामागे लिहून चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी वह्यांवर राहिली. त्यानं बिलावर घातलं आणि पहिल्या पानावरही तेच घातलं!

"पाचशे प्रती घरी आल्या तेव्हा बघितलं. हे पण बघतच राहिले. आता छापलंय, इरली, असू दे, म्हणाले. कुणाचा दोष? माझ्याच तोंडाचा."

बसमध्ये हसू येत होतं आणि रडूही. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, आणि पुस्तक मात्र गेलं!

१३ जानेवारी, सोमवार

नाही. 'असू दे' नाही.

१८ जानेवारी, शनिवार

महादेवरावांना सांगितलं. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "बॅनर गेलाय छापायला. फोटो आहे, फेटा आहे, शताब्दी आहे. आता म्हातारीच्या आठवणीवर सगळं उलटं करायचं?" मी म्हटलं, म्हातारीच्या आठवणी विचारायला तुम्हीच तर पाठवत होता! म्हणाले, "सगळ्यांना ठाऊक आहे तेच राहू दे, पवित्रा." ठाऊक आहे कुणाला? मला तर गेल्या आठवड्यापर्यंत नव्हतं.

घरी येऊन बघते तर शरतचा फोन. "अक्का, अम्माला हल्ली काही लक्षात राहत नाही. बाबांना तुम्ही खोटं ठरवू नका, प्लीज." लक्षात राहत नाही! कुठल्या गोष्टीत कुठल्या घोड्याच्या कुठल्या पायाला पांढरा पट्टा आहे ते बाई न बघता सांगतात. शरतला त्यातला एक घोडा सांगता येईल?

रागानं तीन लग्नपत्रिका चुकीच्या टाइप केल्या. वधूच्या जागी वर.

२६ जानेवारी, रविवार

पुन्हा येलवाल. या वेळी लिहिण्याबद्दलच बोललो. सहा वर्षांत इतक्या लेखकांशी बोलले, असं कुणी बोललं नाही. इथे उतरवून ठेवते, नाहीतर विसरेन —

"शेवट आधी ठरवायचा, आणि ऐकणाऱ्याला मात्र वाटलं पाहिजे, त्यालाच सापडला."

"रोज थोडं लिहायचं. पाणी तापलं की उठायचं. अजून लिहायचं मन असलं तरी उठायचं."

"गोष्टीत कुणाला दोषी केलंस की ऐकणारा जाऊन त्याच्या बाजूला बसतो. मग तुझं कोण ऐकत नाही."

मी विचारलं, अडलं की काय करायचात? "अवरेकाई सोलायची." विश्रामना कळवायला हवं.

मग मी माझं रडगाणं गायले — महादेवराव ऐकत नाहीत, शरत ऐकत नाही. बाई म्हणाल्या, "तू काय सांगितलंस त्यांना?" म्हटलं, पुस्तक तुमचं आहे म्हणून सांगितलं. "चिठ्ठीचं सांगितलंस?" नाही, तिथपर्यंत पोचलेच नाही. "मग आधी चिठ्ठीचं सांग की."

१ फेब्रुवारी, शनिवार

काय झालं हे! महादेवरावांना चिठ्ठीची गोष्ट सांगितली, तिकिटासकट, त्या कन्नड बोलणाऱ्या माणसासकट. ते आधी हसले, मग डोळे पुसले. "आमची आई पण नाव घेत नव्हती गं! रेशनकार्डाच्या वेळी केवढा घोळ!" मग एकदम उठून उभे राहिले. "म्हणजे फत्तेसिंगरावांचा काही दोष नाही. हां! मग काय! उलट छान आहे हे, लोकांना आवडेल." शरतलाही त्यांनीच फोन लावला. तोही हसला म्हणे. "अम्मा अशीच आहे."

दोन आठवडे मी भांडले ते कुणी ऐकलं नाही, आणि एका तिकिटानं दहा मिनिटांत काम केलं. मी जिंकले की बाई जिंकल्या? काही का असेना, आयतु, झालं!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फाइल पाठवली. पहिलं पान मीच केलं : 'पागेतल्या गोष्टी', खाली 'गोदावरीबाई', अठ्ठावीस पॉइंटमध्ये. फोटो पण त्यांचाच, अवरेकाई सोलतानाचा. फेट्याचा बॅनर हॉलच्या दारावर राहील म्हणाले. राहू दे, दारावर.

आणि मागच्या पानावर लेखिकेशी झालेली बातचीत टाकली आहे. तिच्याखाली 'संपादक मंडळ' टाइप केलं, बॅकस्पेस दाबलं, आणि 'पवित्रा' लिहिलं. विचारलं नाही कुणाला. विचारलं असतं तर बैठक भरली असती!

२३ फेब्रुवारी, रविवार

हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, मागे लोक उभे होते. गोदावरीबाईंनी चिठ्ठीची गोष्ट सांगितली तेव्हा एक माणूस हलला नाही. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं बरोबर ठाऊक. "...आणि पाचशे प्रती घरी आल्या!" म्हटल्यावर जो हशा झाला! महादेवराव तर सारखे मागे वळून लोकांकडे बघत होते, जणू त्यांनीच लिहिलीय.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी गलका केला — "आता तरी नाव घ्या! नाव घ्या!" बाईंनी माइक जवळ ओढला. "घेतलं असतं की. पण इथे कुणी छापखानेवाला बसला असला तर?" पाच मिनिटं टाळ्या थांबेनात.

मी विचारलं, आजी, इतकी वर्षं राग आला नाही? "राग ठेवायला जागा कुठे होती गे, घरात पाचशे प्रती." पुन्हा हशा. मी हसले नाही. मला त्यांचे हात दिसत होते, पदराचं टोक पिळत होते.

पण नाव आलं! पुस्तकावर, हॉलमध्ये, लोकांच्या तोंडी. बसमध्ये एक अनोळखी बाई मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ते मी टाइप केलंय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी मंजू नावाच्या एक बाई दुकानात आल्या. माझ्याच वयाच्या, कन्नड बोलणाऱ्या. पेपरमध्ये कार्यक्रमाची बातमी वाचली, म्हणाल्या. त्या छापखान्यातले खिळे जुळवणारे त्यांचे वडील. त्यांना सवय होती, प्रत्येक पुस्तकाबरोबर आलेले कागद पाकिटात घालून वर पुस्तकाचं नाव लिहून ठेवायचे, कुणी उद्या भांडायला आला तर दाखवायला. वडील गेले, छापखाना गेला, पाकिटं माळ्यावर राहिली. "निमगे बेकागबहुदु अंत," त्या म्हणाल्या. तुम्हाला हवं असेल म्हणून.

पाकिटात एकच कागद. बसचं तिकीट नाही. फुलस्केप, नीट घडी घातलेला. वर —

'लेखकाचे नाव : फत्तेसिंगराव. ठळक टाइपात घालावे. आत दुसरे कोणतेही नाव नको.'

'फ'ची शेपटी पार पुढच्या अक्षराखालून.

मंजूबाईंना चहा सांगितला तो निवला, माझाही आणि त्यांचाही. चूक नव्हती. चूक कधीच झाली नव्हती! तो माणूस गोदावरीबाईंच्या आधी किंवा नंतर छापखान्यात गेला, टेबलाशी बसला आणि सावकाश, वळणदार अक्षरात त्यांना पुसून आला. आणि मी? अख्ख्या हॉलसमोर त्याला साळसूद ठरवून टाळ्या घेतल्या. चौथ्या दिवशी मला हे कळतंय!

आता काय करू? फाडू? महादेवरावांच्या तोंडावर मारू? बाईंना दाखवलं तर त्या मोडतील. नाही दाखवलं तर मीही त्याच्याच बाजूला जाऊन बसले.

२ मार्च, रविवार

येलवालला गेले. कागद पुढे ठेवला. चष्मा न लावताच म्हणाल्या, "ह्यांचंच अक्षर."

"मग ते तिकीट, आजी? ते नाव न घेणं? छापखान्यातलं सगळं?"

कागदाची घडी घातली, माझ्या हातात परत दिली. "गोष्ट आवडली न तुला? महादेवरावाला आवडली, शरतला पण आवडली. हे गेल्यावर बारा वर्षं लागली मला तिच्यावर. ती पण मीच लिहिली गे."