पुढच्या चाकाची पिन

४ फेब्रुवारी, बुधवार

दादाने आज मला गारच केलं! गॅरेजमध्ये आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मला एक गाडी बांधून दे. मीच चालवणार." माझ्या हातातला पाना खाली पडला. नऊ वर्षांत त्याने मोटरसायकलचं नाव काढलं नव्हतं. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, कोपर अर्धवट वळतं — आणि म्हणे चालवणार!

"कशी चालवशील?"

"ते तू बघ. मेकॅनिक तू आहेस का मी?"

हो म्हणालो. त्याला नाही म्हणायला मला तोंड आहे कुठे?

७ फेब्रुवारी, शनिवार

डोकं भणभणतंय. सगळी गाडी डाव्या हाताने चालली पाहिजे. अशी विकत मिळत नाही, चार गाड्या मोडून एक करायची. इंजिन बिनक्लचचं — एका पोस्टमनने वापरून विकलेल्या गाडीचं. गिअर पायाने पडतात, हाताला काम नाही. ॲक्सिलरेटर डावीकडे. ब्रेक दोन्ही एकाच पायावर. चासी दूधवाल्याच्या गाडीची, कॅन वाहून वाहून मुरलेली. टाकी मिळेल ती.

भंगारवाला म्हणाला, "चार घरचे पाहुणे एका खोलीत कोंबताय. भांडतील की!"

घरी सांगितलं तर ही पांढरीफटक पडली. "नको," एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिचंही बरोबर आहे. आमचं लग्न महिन्यावर आलं असताना दादाचा अपघात झाला. तेव्हापासून ही मोटरसायकलवर बसतच नाही. गॅरेजवाल्याची बायको बसने फिरते! गिऱ्हाइकं माझी चेष्टा करतात. करू देत. नऊ वर्षं ही दादाच्या ताटातलं तुकडे करून देतेय, रोज सकाळी त्याच्या हाताचा व्यायाम करून घेतेय. मला एकदाही सांगावं लागलं नाही. सख्खी बहीण करणार नाही इतकं करते.

११ फेब्रुवारी, बुधवार

इंजिन चासीत बसलं. बसलं कसलं, कोंबलं! चेन आठ मिलीमीटर तिरकी जात होती. इंजिन सरकवायला लोखंडाच्या तीन पट्ट्या कापल्या, दोन वाया गेल्या, एक लागली. दादा रोज येऊन बसतो, फुकटचे सल्ले देतो. आज डाव्या हाताने ॲक्सिलरेटर पिळून तोंडाने इंजिनाचा आवाज काढत होता. पन्नाशीला आला आणि हे! मला हसू आलं, मग त्याचा मांडीवर पडलेला उजवा हात दिसला.

१५ फेब्रुवारी, रविवार

घोडं अडलं. दूधवाल्याच्या चासीला पुढचं चाक त्याच कंपनीचं लागतं, आणि भंगारवाल्याकडची सगळी वाकडी. सरळ एकच आहे — असलं तर. मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. दादाची तीच गाडी! अपघातानंतर टेम्पोतून आणून टाकली ती तशीच. आई म्हणते, "अवदसा आहे ती. उघडू नकोस." मला तरी कुठे उघडायची होती.

आता लिहूनच टाकतो. कुणाला सांगितलेलं नाही, हिलासुद्धा नाही.

चाकाच्या एक्सलच्या नटात आरपार एक पिन असते, बारीक तारेची, दोन पायांची. ती नसली की नट फिरत फिरत सुटतो आणि चाक हलायला लागतं. माझ्या उस्तादांचा नियम होता — जुनी पिन परत घालायची नाही. काढली की फेकायची, नवी घालायची. त्या दिवशी सकाळी मीच दादाच्या गाडीचं पुढचं चाक काढून बसवलं होतं. दुपारी फोन आला. दवाखान्यात दादा म्हणाला, "पुढचं चाक लचकलं रे." संध्याकाळी गॅरेजमध्ये आलो तर टेबलावर एक पिन पडलेली. घालायची राहिली होती! ती खिशात टाकली आणि गप्प बसलो. नऊ वर्षं गप्प आहे.

दादाचा हात मी घालवला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ताडपत्री काढली.

चाक सरळ. नट जागेवर. पिन जागेवर!

पिनेचा एक पाय वर, एक डावीकडे वाकवलेला — हे वाकवणं माझंच. उस्तादांनी शिकवलेलं. गंजून नटाला चिकटलीय, म्हणजे मागाहून कुणी हात लावलेला नाही. टेबलावरची होती ती जुनी. फेकायची राहिली होती. एवढंच राहिलं होतं! मी तिथेच फरशीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

डोळे पुसल्यावर दुसरं दिसलं. मागच्या माणसाने पाय ठेवायचे फुटरेस्ट — उजवीकडचं उघडं आणि वाकडं. एकटा माणूस ते कशाला उघडेल?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मग दादा खोटं का बोलला?

१८ फेब्रुवारी, बुधवार

विचारलं. आधी पिनेचं सगळं सांगितलं. दादा ताडकन उठला.

"कसली पिन? तू नऊ वर्षं हे... अरे गाढवा! मला एकदा विचारायचंस तरी!"

"तूच म्हणालास ना, चाक लचकलं म्हणून?"

"काहीतरी सांगायला हवं होतं रे. चाक काही उलटून बोलणार नव्हतं."

आणि त्याने डाव्या हाताने माझं डोकं छातीशी धरलं. मला राग आला होता, खरंच आला होता. नऊ वर्षं! पण तो मला सोडेना. मला हे माहीत असतं तर, म्हणत होता, मला माहीत असतं तर.

मी फुटरेस्टचं काढलं. त्याने स्टूल भिंतीकडे सरकवलं. मग म्हणाला, "मागे मीच बसलो होतो. गाडी सुटली, मी मागून हात घालून ब्रेक धरायला गेलो."

"मग पुढे कोण होतं?" मी विचारलं.

"चहा सांग," म्हणाला. "आणि हे परत विचारू नकोस. माझी शपथ आहे तुला."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कामात लक्ष नाही. चाक बसवलं, नवी पिन घातली, तीनदा बघितली. मनात मात्र तेच. शेजारच्या दुकानातला वेल्डर, दादाचा दोस्त? त्याला तेव्हा गाडी यायची नाही, पण म्हणून दादा त्याला एवढी वर्षं पाठीशी घालेल? दादाचा कारखान्यातला जोडीदार? तो तर महिनाभरात नोकरी सोडून गेला — तोच असणार! सापडला तर गचांडीच धरतो. स्वतः धडधाकट फिरत असेल, आणि इथे माझी बायको नऊ वर्षं दादाच्या ताटातले तुकडे करतेय!

हे सगळं जेवताना हिला सांगितलं. पिनेचं, फुटरेस्टचं, त्या जोडीदाराचं. पिनेचं ऐकताना तिच्या हातातलं भांडं निसटलं. "तुम्हाला वाटत होतं, तुमच्यामुळे?" असं तिने दोनदा विचारलं. मग जेवलीच नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. दादाने मैदानाला तीन फेऱ्या मारल्या, एकट्याने. तो उतरला तशी ही पुढे झाली. दादा म्हणाला, "नको, अगं, राहू दे." तिने ऐकलं नाही. गाडीवर बसली आणि खाली न बघता पायाने पहिला गिअर टाकला.

"तुला कुणी शिकवलं?"

"भावोजींनी," म्हणाली. "एकच दिवस."